ओढ्यातलं इंजिन

आई जीपमधून उतरली नाही.

“तुमी बघून या,” ती म्हणाली. “मला काय कळतंय त्यातलं.”

हे खरं नव्हतं. इंजिनातलं आईला पुष्कळ कळत होतं. जुन्या शेळवणात असताना आप्पा बाजाराला गेले की विहिरीवरचं आमचं इंजिन तीच सुरू करायची. पदर खोचून, हँडल मारून, धूर काळा येतोय की पांढरा हे बघत. पण हरिबाकाकांनी, आप्पांच्या धाकट्या भावानं, मला डोळ्यांनीच गप्प बसवलं. ती इथवर आली हेच त्यांना खूप वाटत होतं. मी तिच्या बाजूचं दार उघडं ठेवलं, पाण्याची बाटली तिच्या मांडीवर दिली आणि काकांच्या मागोमाग गाळात उतरले.

त्या वर्षी धरण तळाला गेलं होतं. समोर कोसभर नुसता वाळलेला गाळ, त्याला पाऊल जाईल एवढ्या भेगा, आणि भेगांच्या कडांना चिकटलेले शिंपले. नदीच्या जुन्या पात्राशी पाण्याची एक रेघ तेवढी उरली होती. मधे आमचं गाव वर आलं होतं. गाव म्हणजे मारुतीचा चौथरा, वेशीच्या एका बाजूचे दगड आणि विहिरींची तोंडं. घरं उरली नव्हतीच. जाताना लोकांनी तुळया, दारं, पत्रे सोडवून नेले होते, आणि मातीच्या भिंती पाण्यात केव्हाच विरून गेल्या होत्या. तरीही माणसं रोज येत आणि बरोबरच्या पोरांना एखादी मोकळी जागा दाखवून सांगत, इथं आपली चूल होती.

इंजिन मात्र गावात नव्हतं, ओढ्यात होतं. जुनं गाव आणि वरचा माळ यांच्या मधून तो ओढा जायचा. नवं शेळवण वसलं ते त्या माळावर. मेंढरांमागच्या माणसांना आधी गाळातून वर आलेलं चाक दिसलं, मग त्यांनी भोवतीनं उकरून बघितलं. इंजिन कुशीवर पडलं होतं. एक चाक खाली रुतलेलं, एक वर. हिरव्या रंगाचा कुठं मागमूस नव्हता. नुसते गंजाचे पोपडे आणि सांध्यांत भरलेला गाळ. कंपनीची पितळी पट्टी आमच्या आधीच कुणीतरी उचकटून नेली होती. त्या काळी आमच्या खोऱ्यात ज्याच्या त्याच्या विहिरीवर एकाच कंपनीचं, एकाच मापाचं आणि एकाच रंगाचं इंजिन असायचं. नुसतं बघून ते कुणाचं हे सांगणं अवघड होतं.

पोपट देवकाते आमच्याआधी येऊन थांबला होता. माझ्यापेक्षा दोन-चार वर्षांनी लहान, जुन्या गावात आमचा शेजारीच. त्यानं ट्रॅक्टर-ट्रॉली आणली होती, पण ती लांब, काठावर उभी केली होती.

“ताई, राग मानू नका,” तो म्हणाला. “आमच्या आबाचं इंजिन ह्याच ओढ्याच्या डोहावर हुतं. मला आठवतंय. रंग देऊन दारात बसवायचंय. आबाचा एक फोटूसुदिक न्हाई घरात.”

काका म्हणाले, “आमचं निघालं तर?”

“तर तुमचं. मी काय भांडायला आलोय व्हय?”

निवाडा करायला दस्तगीर मिस्त्रींना बोलावलं होतं. खोऱ्यातली सगळी इंजिनं त्यांच्या हाताखालून गेलेली. आता नजर अधू झाली होती, त्यामुळे ते वस्तूच्या अगदी जवळ तोंड नेत आणि उरलेलं बोटांनी बघत. खुरपं, तारेचा ब्रश आणि तेलाची झारी घेऊन ते इंजिनाशेजारी उकिडवे बसले होते. पोपट आणि काका दोघंही एकदम बोलायला लागले तसं त्यांनी हात वर केला. “तुमचं दोघांचं ऐकलं. आता जरा ह्याचं ऐकू द्या.”

ते इंजिन कुणाचं, यावर माझ्या लेखी एकच गोष्ट ठरणार होती. आप्पा बुडून मेले होते, की आम्हाला टाकून गेले होते.

गाव उठलं तेव्हा मी सहावीत होते. सगळं सामान माळावर नेलं होतं, फक्त इंजिन मागं राहिलं होतं. माळावर विहीर नव्हती, आणि आमच्या मळ्यापर्यंत पाणी दिवाळीच्या आत येत नाही असं आप्पांचं म्हणणं होतं. मग एके दुपारी त्यांनी गाडी जुंपली आणि इंजिन घेऊन येतो म्हणून ते निघाले. वर घाटात पाऊस लागून राहिला होता. धरणाचं पाणी त्या दिवशी पहिल्यांदा ओढ्यातून आत शिरलं. दिवस मावळेपर्यंत ओढा भरला, दुसऱ्या दिवशी शिवार गेलं. आप्पा आले नाहीत. गाडी आली नाही, बैल आले नाहीत.

आधी सगळे म्हणाले, केरबा बुडाला. पण दिवस गेले तशी भाषा बदलली. बैल बुडाला तर फुगून वर येतो, लोक म्हणायचे. माणूसही येतो. इथं एक चऱ्हाटसुद्धा वर आलं नाही. आणि आप्पांनी चावडीवर सगळ्यांदेखत सांगितलं होतं की ह्या उघड्या माळावर मी राहायचा नाही. मग बैल आणि इंजिन बाजारात विकून केरबा गेला, हे ठरून गेलं. शाळेत पोरी मला विचारायच्या, तुझे आप्पा कुठं असतात गं?

त्यांचा पत्ता लागल्याची पहिली बातमी आईनंच आणली. कुर्डूवाडीच्या बाजारात कुणी बाई भेटली, तिनं त्यांना भोसरीत एका कारखान्याच्या फाटकाशी बघितलं. पुढं कधी ते यवतच्या गुऱ्हाळावर होते, कधी कुठल्या ट्रकवर. शेवटी ते दौंडला एसटी स्टँडसमोर रसवंती चालवायला लागले. दाढी वाढवलीय, खोकला धरलाय, लहान पोरांना अर्धा ग्लास वर देतात. एवढं बारीक आई सांगायची. कपाळावरचं कुंकू तिनं कधी पुसलं नाही. बारा वर्षं झाली तेव्हा काकांनी विषय काढला. बेपत्ता माणसाचं बारा वर्षांनी करतात तसं, पळसाच्या पानांचा पुतळा करून अग्नी द्यावा, म्हणजे सगळेच मोकळे होतील. आई त्या आठवड्यात बाजाराला गेली आणि नवीन बातमी घेऊन आली. जित्या माणसाचा पुतळा जाळता का, तिनं विचारलं. काकांनी विषय सोडला. पुढं त्यांच्या थोरलीचं लग्न जमेना, दोनदा मोडलं, तेव्हा गुरुजींनी बोट ह्या राहिलेल्या कार्याकडेच दाखवलं. काकांनी परत विचारलं, आईनं परत बातमी आणली.

कॉलेजात असताना मी एकदा दौंडला उतरले होते. स्टँडसमोर खरोखरच एक रसवंती होती. घुंगरांचा आवाज रस्त्याच्या ह्या बाजूला येत होता. मी रस्ता ओलांडला नाही. आत ते असते तर काय बोलायचं हे मला सुचलं नव्हतं, आणि नसते तर आईला काय सांगायचं हेही.

म्हणून मला ते इंजिन आमचं निघायला हवं होतं. बुडालेल्या बापासाठी रडता येतं. लोकांच्या पोरांना अर्धा ग्लास वर देणाऱ्या बापाचं काय करायचं, ते मला इतक्या वर्षांत समजलं नव्हतं. आईला मात्र ते आमचं निघायला नको होतं. ती जीपमध्ये बसली होती ती म्हणूनच, हे मला कळत होतं, काकांना कळत होतं, आणि बहुतेक दस्तगीर मिस्त्रींनाही.

मिस्त्रींनी वरची बाजू घासून काढली. चाकाचे आरे एकेक करून चाचपले, धुराच्या नळकांड्याच्या मुळाशी बोट फिरवलं.

“केरबाच्या इंजिनाची खूण मला म्हाईत हाय,” ते म्हणाले. “सगळ्या गावाला म्हाईत हुती. काय हरिबा?”

काका कसंनुसं हसले.

ती खूण म्हणजे आईचं जोडवं. मी लहान असताना ऐन भिजवणीच्या वेळी डिझेलच्या नळीचं वायसर फुटलं. टाकीतून नळी निघते त्या सांध्यात तांब्याची एक चकती असते. ती गेली की डिझेल गळतं, हवा धरते आणि इंजिन बंद पडतं. तालुक्याला जाऊन यायचं तर पाण्याची पाळी जाणार होती. आप्पांनी इकडंतिकडं बघितलं आणि आईच्या पायाकडं बघितलं. तिच्या उजव्या पायातलं जोडवं काढून त्यांनी तापवलं, ठोकून चपटं केलं आणि सांध्यात बसवलं. चांदी मऊ, सांधा असा बसला की पुन्हा गळला नाही. पुढं वायसर मिळालं तरी आप्पांनी ते बदललं नाही. आईला नवी जोडी घेऊ म्हणाले, ती नको म्हणाली. एक तिच्या पायात, एक इंजिनात. गावातल्या बायका तिला चिडवायच्या, हौसा, तुझी सवत विहिरीवर धूर काढतीय बघ, जोडवं घालून. आई पाण्याला गेली की आधी इंजिनाला हाक मारायची, काय गं, जेवलीस का? आप्पांना त्याचं फार हसू यायचं. त्यांचं हसणं मला आठवतं, चेहरा तितका आठवत नाही.

“टाकीच न्हाई,” मिस्त्री म्हणाले.

मी खाली वाकले. डिझेलची टाकी जिथं असायला हवी तिथं नुसते ती अडकवायचे दोन लोखंडी कान उरले होते.

“जोडवं हुतं टाकीच्या सांध्याला. टाकी गेली, जोडवं गेलं. आता हे केरबाचं की देवकात्याचं, मला न्हाई सांगता यायचं. मी खोटं बोलनार न्हाई.”

“टाकी कुनीबी नेली असंल,” पोपट म्हणाला. “मेंढक्यांनी, न्हाईतर भंगारवाल्यानं. आमच्या आबानं तर जागचं हलवलंच नव्हतं. जसंच्या तसं सोडून आला हुता.”

काकांनी खांद्यावरचा टॉवेल काढून तोंड पुसलं. जीपकडं बघितलं. मग हळू आवाजात मला म्हणाले, “वच्छे, देऊन टाकू त्याला. खूणच न्हाई तर काय करायचं? तुझ्या आईला काय सांगू मी?”

मी तिथंच गाळावर बसले आणि वरच्या चाकावर हात ठेवला. उन्हानं ते तापलं होतं. पोपट ट्रॉली आणायला काठाकडं निघाला. मला आठवतं, मी त्या वेळी दौंडच्या रसवंतीचाच विचार करत होते. आता एक दिवस रस्ता ओलांडावा लागणार, असा.

“नळीचं तोंड बघितलं का, मिस्त्री?”

आई माझ्या मागं उभी होती. चपला हातात, पाय गाळानं भरलेले. ती केव्हा उतरली कुणालाच कळलं नव्हतं.

“नळी हाय,” मिस्त्री म्हणाले. “पर ती खालच्या अंगाला वाकलीय, तोंड गाळात गेलंय. त्यात काय बघायचं, वैनी?”

आई खाली बसली, मिस्त्रींचं खुरपं घेतलं आणि इंजिनाच्या पोटाखालचा गाळ उकरायला लागली. मी मदतीला हात पुढं केला तो तिनं बाजूला सारला. थोडं उकरून झाल्यावर तिनं खुरपं टाकलं आणि बोटांनीच माती काढली. नळी वळवून इंजिनाच्या अंगाला तारेनं बांधलेली होती. तार गंजून हातात आली. आईनं नळीचं तोंड पदरानं पुसलं, त्यावर अंगठा ठेवला आणि तशीच थांबली.

मग तिनं मिस्त्रींचा हात धरून तिथं नेला.

“बूच हाय,” मिस्त्री म्हणाले.

त्यांनी झारीतून तेल सोडलं, जरा वेळ जाऊ दिला आणि चिमटीनं फिरवत फिरवत ते बाहेर काढलं. बोटाच्या पेराएवढं लाकूड होतं, पाण्यानं काळं पडलेलं. डोळ्यांशी नेऊन त्यांनी ते उलटसुलट बघितलं. एका बाजूनं निमुळतं तासलेलं होतं, चाकूचे छेद अजून उमटून दिसत होते.

“बाभळीचं,” मिस्त्री म्हणाले आणि त्यांनी ते काकांकडं दिलं. “सगळे नळीत चिंधी कोंबायचे. चिंधीचं सूत आत जातं म्हनून बूच तासनारा ह्या खोऱ्यात एकच हुता. मी त्याला हसायचो.”

काकांनी बूच बोटांत फिरवून बघितलं. “म्हंजी टाकी चोरीला गेली न्हाई.”

“न्हाई. टाकी त्यानंच काढली. इंजिन गाडीवर घालायचं तर आधी टाकी काढावी लागती. फळ्या टाकून बैलांकडनं वर ओढून घेतलं असंल, एकटाच हुता तर.” मिस्त्री आईकडं न बघता बोलत होते. “आन नळीत माती जाऊ नये म्हनून बूच मारलं. इंजिन परत चालू करायचं असंल तरच मानूस एवढं करतो, हरिबा. इकायला काढलेल्या इंजिनाला कोन बूच मारतंय?”

पोपट अर्ध्या वाटेवरून परत आला होता. त्यानं ऐकलं. डोक्यावरची टोपी काढली आणि म्हणाला, “तुमचंच हाय, काकी.”

बैल वर का आले नाहीत ते मला तेव्हा कळलं. ते गाडीला जुंपलेले होते.

इतक्या वर्षांनी जे हवं होतं ते मिळालं होतं, आणि मला रडू येत नव्हतं. मी आईकडं बघत होते. ती गाळात मांडी घालून बसली होती, दोन्ही हात मातीनं भरलेले, आणि त्या हातांकडंच बघत होती.

“मी म्हनलं हुतं,” ती म्हणाली.

“काय म्हनली हुतीस?” काकांनी विचारलं.

“ह्येंना यायचंच नव्हतं. इंजिन राहू दे, दिवाळीनंतर बघू म्हनत हुते. मी म्हनलं, सवाष्णीचं जोडवं पान्याखाली जाऊ द्यायचं न्हाई. बरं नसतं ते. इंजिन ऱ्हाऊ द्या, जोडवं तेवढं काढून आना.” ती बोलत होती तो आवाज रोजचाच होता, बाजारातून काय आणायचं ते सांगावं तसा. “तर हसले. म्हनले, सवतीला पान्यात सोडून जोडवं आनू व्हय? दोघींना आनतो. आन गाडी जुपली.”

खाली, पाण्याच्या रेघेशी, टिटवी ओरडत होती.

मग काका म्हणाले, “पर वैनी, दौंडला दिसला हुता ना? ती रसवंती? बाजारात बायका भेटायच्या तुला...”

“एकबी भेटली न्हाई, भावजी.”

काका तिच्याकडं बघत राहिले. त्यांच्या मुलीचं दोनदा मोडलेलं लग्न त्यांच्या तोंडावर आलेलं मला दिसलं, आणि त्यांनी ते गिळलेलंही दिसलं.

“पळून गेले म्हनलं की कुठंतरी जेवत तरी असतील असं वाटायचं,” आई म्हणाली.

मी विचारलं, “मग आज का उतरलीस?” माझा आवाज मला वाटला त्यापेक्षा कठोर निघाला. “बसून राहिली असतीस तर पोपट घेऊन गेला असता. कुणाला काही कळलं नसतं.”

आईनं माझ्याकडं बघितलं. “तू चाकावर हात ठिवून बसलीस,” ती म्हणाली. “इंजिन बंद पडलं की तुजं आप्पा तसंच बसायचे.”

मग तिनं डावा पाय पुढं केला.

“हे काढ.”

काका घाईनं म्हणाले, “इथं नको, वैनी. घरी चल. ते बायकांचं असतं. कुनाला तरी बोलावतो.”

“पोरगी हाय की.”

मी तिचा पाय मांडीवर घेतला. जोडवं निघेना. बोटाचं पेर सुजून मोठं झालं होतं, आणि चांदी झिजून मांसात रुतली होती. मी ओढलं की कातडी गोळा व्हायची. आई ओठ मिटून बसली होती, तिनं पाय मागं घेतला नाही. मिस्त्रींनी तेलाची झारी माझ्यापुढं ठेवली आणि पाठ फिरवली. पोपटही वळून उभा राहिला. मी जोडव्याभोवती तेल सोडलं आणि मघाशी मिस्त्रींनी बूच काढलं तसं, फिरवत फिरवत, ते पेरावरून वर आणलं. शेवटी एकदम सुटलं. खालची कातडी पांढरी होती, लहान मुलाच्या पायासारखी.

आईनं जोडवं माझ्या हातातून घेतलं, नळीच्या तोंडावर चढवलं आणि वरून बूच परत ठोकून बसवलं. खुरप्याच्या मुठीनं तीन-चार वेळा ठोकलं. हलवून बघितलं. मग पदरानं कपाळ पुसलं. ते घामासाठी पुसलं की कशासाठी, हे तिनं पदर खाली घेईपर्यंत मला समजलं नाही.

“काकी, अजून खनू का?” पोपटानं विचारलं. फावडं त्याच्या हातात होतं. “गाडीच्या चाकाची लोखंडी धाव तरी खाली असंलच. आन...”

पुढचं सगळ्यांनाच कळलं होतं. खाली गाडी असेल, बैल असतील, आणि कुठंतरी जवळच, उजव्या पायाचं जोडवं खिशात असलेला माणूस असेल.

“नगं,” आई म्हणाली. “त्येंना तिथंच राहू दे.”

“आन इंजिन?” काकांनी विचारलं. “हेबी इथंच सोडायचं?”

आई उठून उभी राहिली. वर माळाकडं, नव्या शेळवणाच्या पत्र्यांकडं तिनं बघितलं.

“निम्म्या वाटेपातुर ह्येंनी आनलंय,” ती म्हणाली. “राहिलेलं आपन न्हेऊ.”

पोपटानं ट्रॉली ओढ्यापर्यंत आणली. फळ्या टाकल्या, दोर लावले. उचलताना आई खालच्या चाकाशी उभी होती आणि पोपटाला सांगत होती, नळीला धक्का लावू नको.

काकांनी पुढच्याच महिन्यात पुतळ्याचं कार्य केलं. पळसाची पानं लगेच पेटतात. मला वाटलं होतं त्यापेक्षा फार लवकर सगळं संपलं. इंजिन आमच्या दारात आहे. ते कुणी रंगवलं नाही. आई सकाळी अंगण झाडताना त्याच्या भोवतीनं झाडायची. त्याला तिनं पुन्हा हाक मारल्याचं मी ऐकलं नाही. आणि बाजारातून बातमीही कधी आणली नाही.

आई गेली त्याला आता महिना होईल. तिला आंघोळ घालताना चुलतीनं डाव्या पायाचं ते बोट मला दाखवलं. वण बुजला नव्हता.

मी कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते. पुस्तकांच्या खरेदीला पुण्याला जाणं होतं, तेव्हा दौंडला एसटी बदलते. स्टँडसमोरची रसवंती अजून आहे. आई दौंडला आयुष्यात कधी गेली नव्हती. आता मी रस्ता ओलांडून आत जाते. चरकाला विजेची मोटार आलीय, चालवणारा मुलगा विशीतला आहे. मी कोपऱ्यातल्या बाकावर बसते. गेल्या आठवड्यात माझी गाडी लागली तरी मी उठले नाही. मुलानं टेबल पुसता पुसता विचारलं, मावशी, कुणाची वाट बघताय का?

मी नाही म्हटलं, आणि अजून अर्धा ग्लास सांगितला.